सुसाफोनवरचा पोचा

शंकरआण्णांच्या हातात लग्नाचा जुना फोटो दिला, की ते नवरा बघत नाहीत, नवरी बघत नाहीत. खिशातून भिंग काढतात, कडेला उभ्या बँडवाल्यांवर धरतात आणि चिडतात.

"हितंबी कापलाय! अर्धा बेस ठेवलाय, अर्धा कापलाय. फोटोग्राफर हुता का न्हावी?"

आण्णा मंगळवार पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. तीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवला. बेस म्हणजे पितळेचा सगळ्यात मोठा बाजा. मांडीवर घेऊन वाजवतात आणि ज्याचं तोंड आभाळाकडे असतं, तो ट्युबा. अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळलेला आणि ज्याचं परातीएवढं तोंड डोक्यावरून समोर बघतं, तो सुसाफोन. मला हे कधीच जाणून घ्यायचं नव्हतं. जिन्यात अडवून अडवून त्यांनी ते माझ्याकडून पाठ करून घेतलंय.

फोटो कितीही पिवळा पडलेला असो, आण्णा सांगणार. "तीन चाव्यांचा ट्युबा हाय. चौथी चावी असती तर करंगळी मोकळी दिसली नसती. व्हय का न्हाय वहिनी?"

मी नेहमी व्हय म्हणते. न्हाय म्हटलं तर अर्धा तास जातो.

मागे जुन्या कोल्हापूरच्या फोटोंचं एक प्रदर्शन भरलं होतं. एका सुसाफोनवाल्याच्या फोटोखाली 'तुतारीवादक' असं लिहिलेलं. आण्णांनी संयोजकांना हाक मारली. "पावणं, तुमच्याकडं म्हशीला शेळी म्हणत्यात काय?" संयोजक म्हणाले, जाऊ द्या आजोबा, लोकांना काय कळतंय. झालं. आण्णांचा आवाज असा चढला की लोक फोटो सोडून त्यांनाच बघायला आले. शेवटी त्यांना आणायला मला जावं लागलं.

पण माझं डोकं फिरलं ते शेजारच्या गल्लीतल्या दहाव्याला. घरच्यांनी गेलेल्या काकांचा लग्नातला फोटो हार घालून ठेवला होता. आण्णांनी हात जोडले, हार बाजूला सरकवला आणि भिंग काढलं. काकू हुंदका विसरून बघत राहिल्या.

घरी येताना मी जिन्यातच उभी राहिले. "आण्णा, लाज वाटत नाही? मयताच्या घरी बाजे कसले बघता?"

"मग कुठं बघू?" ते माझ्याहून मोठ्यांदा ओरडले. "माझा बा हुडकायचा न्हाय व्हय मी?"

मग एका पायरीवर ते आणि एका पायरीवर मी, असं बसून सगळं निघालं. आण्णा दोन वर्षांचे असताना वडील गेले. तेही बँडमध्येच होते. घरात त्यांचा एकही फोटो नाही. "शेकड्यानं लग्नं वाजवली त्यानं. फोटो सगळं दुसऱ्याचं. त्यो गेल्यावर सुसाफोन तसाच पडून हुता, पुढं त्योच माझ्या गळ्यात आला. तोंडाच्या कडंला, डाव्या अंगाला, करंजीएवढा पोचा. आई म्हनायची, तुझा बा वरातीत घसरला तवाचा हाय. मालकानं बाजा भंगारात घातला. आता फोटोत त्यो पोचा घावला, तर खालचा मानूस माझा बा. एवढंच."

माझा राग गेला नाही. पण एखादं काम असं वेड्यावाकड्या पद्धतीनं चाललेलं मला बघवत नाही. मी वही केली. कुणाच्या घरी जुने अल्बम आहेत, कुणाला विचारलं, बेस आहे का, पोचा आहे का. आण्णांनी परस्पर कुणाच्या घरी जायचं नाही, फोटो मी आणणार, ही अट. सहा महिन्यांत अठ्ठावीस घरं झाली. शेवटच्या रकान्यात अठ्ठावीस वेळा 'नाही'.

एकोणतिसावं घर सासूबाईंचं माहेर, हुपरीचं. मी एसटीनं जाऊन त्यांच्या लग्नाचे फोटो घेऊन आले. आण्णा खाली आले, भिंग लावलं आणि थबकले. सुसाफोन होता. पोचाही होता. दुसऱ्या क्षणी त्यांनी फोटो टेबलावर आपटला.

"उजव्या अंगाला हाय! दुसराच कुनीतरी धडपडलेला हाय ह्यो! काय चेष्टा लावलीया माझी?"

"आण्णा, माझं लग्न आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "आपटता काय?"

मी वहीत 'नाही' लिहायला घेतलं. लिहिण्याआधी एकदा तपासावं म्हणून फोटो उचलला आणि माझं लक्ष बायकांकडे गेलं.

"आई, तुमच्या लग्नात सगळ्या बायकांनी पदर उजव्या खांद्यावर घेतला होता?"

"काहीतरीच काय! आम्ही काय मारवाडी?"

नवरीचा पदर उजवीकडे, करवलीचा उजवीकडे. सगळ्या पुरुषांची घड्याळं उजव्या मनगटावर. फोटो उलटा छापला होता. साठ वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आण्णांनी पुन्हा भिंग लावलं. "डाव्या हातानं चाव्या दाबतोय... आन् मी बघितलं न्हाय!" या वेळी ते स्वतःवर चिडले होते.

मी फोटो कपाटाच्या आरशासमोर धरला. आरशात पदर डावीकडे गेले, घड्याळं जागेवर आली, पोचा आपल्या बाजूला आला. त्याच्याखाली एक पंचविशीतला माणूस, टोपी तिरकी, दोन्ही गाल फुगलेले.

सासूबाईंनी बसायला खुर्ची सरकवली, ती आण्णांनी बघितली नाही.

"गाल फुगल्यावर तोंड कळत न्हाय की वो," ते म्हणाले. आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता.

मग ते आरशाच्या जवळ सरकले. आरशात फोटोशेजारी त्यांचं तोंड आलं. त्यांनी श्वास घेतला आणि गाल फुगवले.

"बघा वहिनी," गाल तसेच ठेवून ते कसंबसं म्हणाले. "हाय का सारखं?"