विषय क्रमांक चौदा: हब कोणी फिरवावा

चिखलात शिरण्यापूर्वी चिखलाचा सांगोपांग अभ्यास झाला पाहिजे, याबद्दल विचारी माणसांत दुमत नाही. अविचारी माणसं नुसती शिरतात आणि पलीकडे निघून जातात, त्यामुळे त्यांच्याकडे कसलीच कागदपत्रं सापडत नाहीत. आमच्याकडे सहा वर्षांची आहेत.

भावजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांनी, निवृत्तीनंतर लष्कराचा एक जुना ट्रक लिलावात घेतला. भावजी लष्करात नव्हते. एकतीस वर्षं कचेरीत फायलींवर शेरे मारत होते. ट्रकनं अंगण अडवलं, तेव्हा ताईनं कपडे वाळत घालायची दोरी त्याच्या आरशाला बांधली. आठवड्याभरात निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष भावजी, तांत्रिक सल्लागार शेजारचे दातांचे डॉक्टर (अवजारं हाताळायची सवय त्यांनाच होती), आणि सचिव मी. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीला घेतलं नाही. त्याला ट्रकमधलं कळतं, तेव्हा तो निःपक्षपाती राहणार नाही, असा निर्वाळा अध्यक्षांनी दिला. मला तो आजही पटतो.

विषय सोपा आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाचा गिअरांचा डबा असतो. तो दोघांना आपापल्या वेगानं फिरू देतो. रस्त्यावर हे झकास चालतं. चिखलात मात्र जे चाक जागच्या जागी गरगर फिरतंय त्याच्याकडेच सगळी ताकद जाते, आणि ज्याचा पाय जमिनीवर घट्ट आहे ते ढिम्म उभं राहतं. (भावजींना ही रचना पाहताक्षणी ओळखीची वाटली.) यावर उपाय म्हणजे डिफरन्शियलचं लॉक. ते लावलं की दोन्ही चाकांना बरोबरीनं राबावंच लागतं.

दुसरी वस्तू हब. हा पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी बसतो. मोकळा ठेवला की पुढची चाकं नुसती घरंगळतात आणि डिझेल वाचतं. बंद केला की ती इंजिनाला जोडली जातात. बस्स, एवढंच. यावर आमच्या एकशे बारा बैठका झाल्या.

लॉक आपोआप लागणारं असावं, तारेनं ओढायचं असावं की हवेच्या दाबानं लागणारं, यात पहिली दोन वर्षं गेली. आपोआप लागणारं लॉक स्वतःच्या मनानं वागतं, म्हणून अध्यक्षांनी ते बाद केलं. तारेचं लॉक डॉक्टरांनी बाद केलं, कारण ओढाताण त्यांना दवाखान्यात पुरेशी होते. हवेच्या लॉकला बटण होतं, बटणाला लाल दिवा होता. ते एकमतानं मंजूर झालं. पुढचं एक, मागचं एक. मिस्त्रीनं ती बसवून दिली आणि जाताना म्हणाला, एकदा चिखलात घालून बघा. त्याची सूचना आम्ही इतिवृत्तात नोंदवून घेतली.

हबचा प्रश्न नाजूक होता. आपोआप बंद होणारे हब ऐन वेळी दगा देतात, असं डॉक्टरांनी सतरा ठिकाणी वाचलं होतं. हातानं फिरवायचे हब मात्र कधीच दगा देत नाहीत, कारण ते माणूस फिरवतो. खाली उतरायचं, चाकाशी वाकायचं, चकती अर्धा फेरा फिरवायची. हातानं फिरवायचे हब टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले. 'हब कोणी फिरवावा' हा विषय क्रमांक चौदा वेळेअभावी पुढच्या बैठकीवर ढकलला. (पुढची बैठक ट्रकच्या रंगावर होती. ती लांबली.)

असं सगळं सुरळीत चाललं असताना ताईला अडचण आली. तिची रोपवाटिका होती, आणि भाड्याची ती जागा सोमवारपर्यंत रिकामी करायची होती. नवी जागा टेकाडावर. सहाशे कुंड्या, वर जाणारी मातीची वाट, आणि दोन दिवस धो धो पाऊस. टेम्पोवाल्यानं तो चढ पाहिला आणि हात वर केले. सहा वर्षांत ताईनं ट्रककडे पहिल्यांदाच माणुसकीनं पाहिलं.

"रविवारी माझ्या कुंड्या वर गेल्या तर ट्रक राहील," ती भावजींना म्हणाली. "नाहीतर सोमवारी दहाला भंगारवाल्याला बोलावलंय."

भावजींचा चेहरा पडला. खरं सांगतो, माझाही पडला. सहा वर्षांचे रविवार होते ते.

रविवारी कुंड्या ट्रकमध्ये चढल्या. समिती पुढे केबिनमध्ये, ताई मागे कुंड्यांत. अर्ध्या चढावर मागची चाकं फिरू लागली आणि ट्रक थांबला. भावजींनी ठरल्याप्रमाणे मागचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. ट्रकनं एक आचका दिला आणि फूटभर खाली बसला. पुढचं बटण दाबलं. दुसरा दिवा लागला. पुढची चाकं हलली नाहीत. हब मोकळे होते.

चिखल चाकाच्या मध्यापर्यंत आला होता. केबिनमध्ये एकशे तेरावी बैठक भरली. अध्यक्षांचा पाय ब्रेकवर होता, तो काढणं धोक्याचं. डॉक्टरांचे हात उद्या सकाळी नऊ वाजता लोकांच्या तोंडात जायचे होते. आणि मी उतरलो तर इतिवृत्त कोण लिहिणार? विषय चौदा पुन्हा पुढे ढकलावा का, यावर मतदान चालू असताना ताईनं मागून काचेवर टकटक केलं. भावजींनी तिला लॉक, हब आणि एकंदर तत्त्व समजावून सांगितलं.

"म्हणजे उतरून अर्धा फेरा फिरवायचा?" ताईनं विचारलं.

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

तिनं पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, उतरली, कोपरापर्यंत हात चिखलात घातला. एकीकडे खट्. दुसरीकडे खट्. ट्रक गुरगुरला आणि टेकाड चढून गेला. आमचे दोन्ही लाल दिवे शेवटपर्यंत उत्तम चालले. ताई मागून चालत आली.

सोमवारी दहाला भंगारवाला आला. ताईनं सांगितलं, ट्रक राहतोय, चावी माझ्याकडे राहील. ही समिती मात्र नेता का? त्यानं आम्हा तिघांकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, वजन भरणार नाही. भावजी त्या दिवशी जेवले नाहीत.

समितीचं काम अर्थात चालू आहे. हा अहवाल मी आजवर बऱ्याच जणांना वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसले, आणि झाडून सगळ्यांनी स्वतःला ताईच्या जागी धरलं. तुम्हीही धरलंच असेल. तरी पण मघापासून तुम्ही बसल्या जागी डिफरन्शियल, लॉक आणि हब यांची इत्थंभूत माहिती घेतलीत, आणि आज करायचं म्हणून ठरवलेलं ते तुमचं काम अजून तसंच पडलंय. समितीत एक जागा रिकामी होती. तुमची निवड एकमतानं झाली आहे. सहीसाठी येण्याची तसदी घेऊ नये. तुम्ही उठणार नाही, हे गृहीत धरूनच ती झाली आहे.