सर का हसले?

तळवडेकर काकांना कुणी सॉफ्टवेअर दाखवायला बसलं, की काका आधी उठून स्पीकरची वायर उपटतात.

"सर, आवाज गेला," विकायला आलेला माणूस म्हणतो.

"गेला नाही, मी घालवला. आता शिकवा."

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो परळच्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत. पडद्यावर टोपी घातलेला पोपट होता. तो मिनिटभर नुसती चोच हलवत राहिला. मग पाटी आली : 'लक्षपूर्वक ऐका आणि योग्य पर्याय निवडा.' काकांनी मान वळवून त्या टायवाल्या तरुणाकडे पाहिलं. तो घाम पुसत म्हणाला, "पण सर, म्यूटवर कसं समजणार?"

"हेच तुमच्या साहेबांना विचारा. आणि हे माहितीपत्रक. 'मूकबधिरांसाठी खास.' यातलं 'मूक' काढा. मूक कोण? इथल्या एका मुलीशी भांडून बघा. छापू नका!"

'छापू नका' हा काकांचा शेवटचा शब्द असतो. गिरगावातल्या एका छापखान्यात ते चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका पकडायच्या, हे त्यांचं काम. छापखाना बंद पडला, काकांचं काम सुरूच राहिलं. चहा पाणचट झाला तरी ते 'छापू नका' म्हणतात. लालबागच्या आमच्या चाळीत शेट्ये मुलीच्या लग्नपत्रिकेचा नमुना घेऊन आले, तेव्हा काकांनी 'आशिर्वाद' मधली पहिली वेलांटी पाहूनच 'छापू नका!' असा आवाज दिला. शेट्यांना वाटलं, मुलाकडच्यांबद्दल काहीतरी कळलंय. दोन दिवस त्यांच्या घरात कुणी जेवलं नाही.

माझं त्यांच्याशी नातं पत्रकांचं. माझे वडील गिरणी कामगारांच्या घरांच्या लढ्याची पत्रकं वाटायचे आणि मी ती वाचत वाचत अक्षरं शिकले. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या हातून आधी उद्गारचिन्हं पडतात. काका ती काढून टाकतात. "पत्रकाला एक पुरे," ते म्हणतात. "जास्त झाली की वाचणाऱ्याला कळत नाही, नक्की कुठे भडकायचं."

या शाळेच्या भानगडीत त्यांना ओढलं तेही मीच. आमच्या वरच्या मजल्यावर म्हात्रे बाई राहतात. त्या या शाळेत गणित शिकवतात. एका रविवारी त्या लॅपटॉप घेऊन आल्या. भूमितीचा मराठी व्हिडिओ होता आणि खाली संगणकाने आपोआप लिहिलेल्या ओळी येत होत्या. बाई म्हणाल्या, "हे वाचून माझ्या पोरांनी शिकायचं म्हणे. वाच तू."

मी वाचलं. 'कोण अ बरोबर कोण ब.' 'आता वर्तुळात एक जेवण काढा.' 'ही रेषा वर्तुळाची स्पर्श का आहे.'

मराठी ऐकत वाढलेल्या माणसाला यातला कोन, जीवा आणि स्पर्शिका ओळखू येते. कान मनातल्या मनात चूक दुरुस्त करतात. पण ज्या मुलीला मराठी फक्त डोळ्यांनी भेटलेली आहे तिने काय करायचं? बाईंच्या वर्गातल्या सायलीने वहीत लिहिलं होतं : 'अ कोण? ब कोण? बाई, यांची ओळख करून द्या.'

सायली नववीत होती. वरळी कोळीवाड्याची, वडिलांची होडी, आई मासळी विकते. ग्राफच्या कागदावर ती होड्यांचे असे नकाशे काढायची की खिळ्यांची जागासुद्धा सुटत नसे. तिला ड्राफ्ट्समनचा कोर्स करायचा होता आणि त्यासाठी दहावीला गणित हवं होतं. तशी तिच्यासारख्यांना सवलत आहे. गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेता येतं. सवलत चांगलीच आहे. फक्त आपण नीट शिकवायचं नाही आणि मग दयाळूपणे सवलत द्यायची, याला मी दया म्हणत नाही. शाळेने पालकांना कळवलं होतं, कुठला विषय ते पुढच्या महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत सांगा. सायलीचे वडील सवलतीच्या बाजूचे होते. सायलीने त्यांच्याकडून त्या शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

मी म्हटलं, पत्रक काढू. काका म्हणाले, "पत्रक नंतर. आधी चांगलं काय मिळतं ते बघू."

मग तीन आठवडे आम्ही सॉफ्टवेअर पाहत फिरलो. पोपटाचं सांगून झालं. एकात खुणांच्या भाषेत शिकवणारी कार्टून बाई होती. काका खूश झाले, पण सायलीने दोन मिनिटांत नाक मुरडलं. म्हात्रे बाईंनी तिच्या खुणा आम्हाला सांगितल्या : "हिचे हात प्रश्न विचारतात, भुवया झोपल्यात. प्रश्न भुवयांनी विचारतात. ही बाई आजारी आहे का?" दुसऱ्या एकात हात झकास चालत होते, पण खुणा परदेशातल्या. काकांनी प्रत्येकाची नोंद केली आणि प्रत्येकाखाली दोन शब्द लिहिले. कुठले, ते सांगायला नको.

शेवटी सापडलं ते कर्णबधिरांसाठी म्हणून बनवलेलंच नव्हतं. विदर्भातल्या कुणा शिक्षकाने सगळ्यांसाठी फुकट ठेवलेलं साधं सॉफ्टवेअर. त्रिकोणाचा कोपरा माउसने ओढला की कोनाचं माप बदलताना दिसायचं. प्रत्येक धड्याला त्या सरांचा व्हिडिओ होता. आणि मुख्य म्हणजे, खालच्या ओळी आपल्याला दुरुस्त करता येत होत्या.

"दुरुस्त करता येतात?" काकांनी दोनदा विचारलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना एवढं आनंदी कुणी पाहिलं नव्हतं.

दहा दिवस काका आणि मी टेबलाशी. मी ऐकून सांगायची, ते टाइप करायचे, एका बोटाने. कोणचा कोन झाला, जेवणाची जीवा झाली. ते सर मधूनच काहीबाही बोलायचे, हसायचे. काका ते गाळायचे. "अनावश्यक मजकूर. मुलीचा वेळ वाचेल."

शनिवारच्या आधीच्या मंगळवारी सायली शाळेत पाहायला बसली. स्पर्शिकेचा धडा. ती भराभर पुढे जात होती, मान डोलावत होती. म्हात्रे बाई माझ्याकडे बघून हसल्या. आणि सायलीने व्हिडिओ थांबवला. मागे नेला. पुन्हा पाहिला. पुन्हा मागे नेला. पडद्यावर सर फळ्याकडे पाठ करून खांदे हलवत हसत होते आणि खालची पट्टी कोरी होती.

"विचारतेय, सर का हसले?" बाई म्हणाल्या.

"काही नाही गं," काका म्हणाले. "गणिताचं नाही ते. नंतर सांगतो."

बाईंनी खुणांनी सांगितलं. सायलीचा चेहरा उतरला नाही, चांगलाच तापला. तिने काकांचंच पेन उचललं आणि कागदावर लिहिलं : 'नंतर कधी?'

तिने आणखी लिहिलं. 'बाबा नंतर. आत्या नंतर. लग्नात सगळे नंतर. कोणी सांगत नाही. माझा वेळ वाचवायला कोणी सांगितलं? मला सगळं पाहिजे. अर्धं देणार तर मी सोपं अंकगणित घेते.'

दप्तर उचलून ती निघून गेली. मला पाचसहा उद्गारचिन्हं सुचली, पण यावेळी ती कुठल्या कंपनीवर टाकता येत नव्हती. ओळी आम्हीच गाळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले, तर ते पहिल्या धड्यापासून पुन्हा बसले होते. "ऐक आणि सांग," म्हणाले. "खोकला तर खोकला सांग."

आणि पट्टीवर सगळं यायला लागलं. 'सर खोकतात.' 'बाहेर भंगारवाला ओरडतो.' 'सर म्हणतात, खडू पण आता माझं ऐकत नाही.' स्पर्शिकेच्या धड्यात ओळ आली : 'सर म्हणतात, हे वर्तुळ नव्हे, ही मी लाटलेली पोळी आहे. सर स्वतःच हसतात.'

शनिवारी सायली वडिलांबरोबर आली ती बाईंनी दोनदा बोलावल्यावर, हाताची घडी घालून. पोळीपाशी पोचली. वाचलं. हसली नाही. फळ्यावरचं वर्तुळ नीट निरखलं आणि बाईंना खूण केली. बाई म्हणाल्या, "म्हणते, विनोद बरा आहे, पण पोळी यापेक्षा गोल असते." मग तिने पुढचे दोन धडे सलग पाहिले. तिच्या वडिलांनी फॉर्म खिशातून काढला, तिच्याकडे पाहिलं आणि 'गणित' वर खूण करायला तिच्याच हातात दिला.

परतताना वाटभर मी बडबडत होते. खोलीत आल्यावर त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. "यात मोठं टाइप कसं करतात? लांबलचक लिहायचंय."

"कुणाला?"

"कुसुमला. माझी बहीण."

तीस वर्षांच्या शेजारात त्यांना बहीण असल्याचं आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कुसुम मालवणला असते. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. याच खोलीत ते आठ जण एका पंगतीला जेवायचे. कुणी काही बोलायचं, सगळे हसायचे. ती विचारायची, काय झालं? "माझ्याच शेजारी बसायची ती," काका म्हणाले. "मीच सांगायचो. नंतर सांगतो म्हणून."

त्यांनी एका बोटाने टाइप केलं. एकदा मामा जेवताना आईला म्हणाला होता, 'ताई, ह्या सारात बांगडो शोधूक होडी लागतली.' त्यावर आपण सगळे हसलो होतो. तू विचारलं होतंस.

उत्तर आलं. 'यात एवढं हसण्यासारखं काय होतं? पुढचा सांग.'

काका हसले. मग टाइप करायला बोट उचललं. "पुढचा आठवतच नाही गं मला," ते म्हणाले. "आणि विचारू कुणाला? त्या पंगतीतले आम्ही दोघंच उरलोय."

मग तेच त्यांनी लिहिलं. आठवत नाही. आई पदर तोंडाशी धरून हसायची, बाबांना ठसका लागायचा, मामा मांडीवर थाप मारायचा. एवढंच आठवतं.

उत्तर लगेच आलं.

'ते मला माहीत आहे. मी बघत होते.'