आधी मेन स्विच

रात्रीच्या जेवणाचा पहिला घास उचलला आणि माधवरावांचा मोबाईल वाजला. उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट टिपला होता. दूरच्या कुठल्याशा दीर्घिकेत एक तारा मरताना भडकला होता. त्याची मागे उरलेली धग विझण्याआधी तिचा फोटो घ्यायचा होता. लातूरच्या तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यापासून माधवरावांना हाच एक ध्यास होता. पण समोरच्या कोचिंग क्लासचा झगझगीत फलक दर वेळी आड येई. त्यावर गुणवंतांचे चेहरे असे उजळत, की मागचे आकाश पांढरेफटक पडे.

"अहो, भात तरी संपवा," गोदावरीबाई म्हणाल्या.

"तोवर ते विझेल." माधवराव अनवाणीच रस्त्यावर धावले. "लाईट बंद करा, लवकर बंद करा!"

किल्लारीच्या भूकंपानंतर गल्लीला शिस्त लावली होती ती माधवरावांनीच: आधी मेन स्विच पाडायचा, मग मोकळ्यावर यायचे. तेच गृहस्थ अनवाणी धावताहेत म्हटल्यावर विचारायचे काय राहिले? खटाखट स्विच पडले. फलक विझला. सारी गल्ली रस्त्यावर आली.

वर तारे लखलखले. ते पाहताच माधवराव माघारी वळले आणि थेट गच्चीवर गेले.

"काकू, सर आत कामून गेले?" शेजारच्या शेषेरावांनी विचारले.

"दुर्बिणीपाशी. दुसरं कोण आहे त्यांना?"

"जीव सोडून दुर्बीण वाचवून राहिले? चला रे, उचलून आणू."

माधवरावांनी नेम धरून कॅमेरा सुरू केला होता, फोटो उमटत होता. तेवढ्यात पाच-सहा जण धाडधाड जिना चढून आले आणि गच्ची हादरली.

"हलू नका कुणी," माधवराव कळवळून म्हणाले.

"आमी कुठं हलून राहिलो सर? जमीन हलून राहिली," म्हणत शेषेरावांनी त्यांना काखेत धरून उचलले.

भूकंप झालाच नव्हता, हे सकाळी कळले आणि गल्लीने शेषेरावांची पुरती टर उडवली. वैतागून ते माधवरावांकडे आले. माधवराव फोटो न्याहाळत बसले होते. प्रत्येक ताऱ्याला नागमोडी शेपूट फुटले होते.

"सर, तुमीच सांगा. काल हादरा बसला का न्हाई?"

माधवरावांचे बोट एका पुसट ठिपक्यावर थांबले होते. त्यालाही शेपूट होते; पण आकाशाच्या जुन्या नकाशात त्या जागी काहीच नव्हते. म्हणजे ती धग हीच.

"बसला तर," ते अतिशय समाधानाने म्हणाले. "आणि पुढच्या वेळीही मी असाच धावत येईन, शेषेराव. स्विच तेवढे पाडा. मला उचलायला मात्र येऊ नका."