ऊन आय्ता?

नागोजीअण्णा मला पहिल्यांदा भेटले ते मला उन्हात ढकलण्यासाठी. येलहंक्याच्या आमच्या गल्लीत सामानाचा ट्रक उभा होता, हमाल कपाट उतरवत होते आणि मी झाडाखाली उभी राहून त्यांना नको त्या सूचना देत होते. शेजारच्या बैठ्या घरातून एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ आले आणि म्हणाले, "अम्मा, स्वल्प इकडे सरका." कपाट अंगावर येतंय असं वाटून मी घाईघाईने सरकले. पाहते तर मी भर उन्हात. "सरी, आता बरोबर," असं म्हणून अण्णा समाधानाने घरी निघून गेले.

मी पुण्याची. बंगळूरमध्ये ज्याला भेटावं तो आधी इथल्या हवेचं कौतुक ऐकवतो. पंखा लागत नाही, घाम येत नाही, उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी कसं गार वाटतं, वगैरे. या अख्ख्या शहरात त्या हवेविरुद्ध तक्रार असलेला एकच माणूस मला भेटला आणि तो नेमका माझा शेजारी निघाला. अण्णांच्या मते गार हवा हे लोकांना घरात बसवून ठेवण्याचं कारस्थान आहे. गार वाटतं म्हणून माणूस खिडकी लावतो, खिडकी लावली की पडदा ओढतो, आणि मग त्याची हाडं मऊ पडतात.

अण्णांचं घराणं इथे कित्येक पिढ्यांपासून राहिलेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हीची मिसळ. इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. शाळांचे गणवेश शिवण्यात हयात गेली, त्यामुळे माणसांकडेही ते कापडासारखंच बघतात. आमच्या इमारतीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी जी मंडळी आहेत, त्यांना ते 'अस्तर' म्हणतात. अस्तराचं कापड कोटाच्या आतच राहतं, त्याला कधी उजेड लागत नाही. मी घरूनच काम करते, म्हणजे मी तर अगदी आतलं अस्तर.

इथे वाटेत कुणी भेटलं की "ऊटा आय्ता?" असं विचारतात. म्हणजे जेवण झालं का. अण्णांनी त्यात स्वतःपुरती दुरुस्ती केली होती. ते विचारत, "ऊन आय्ता?" आमच्या वॉचमनला मराठी येत नाही. अण्णांचे पुढचे दात पडल्यामुळे शब्द नीट फुटत नाही, अशी त्याची समजूत. तो रोज मनापासून उत्तर देई, "आय्तु अण्णा, इडली." अण्णांना वाटे, पोरगा उन्हात बसून इडली खातो. त्याच्याइतका शहाणा माणूस इमारतीत दुसरा नाही, असं ते मला बजावत. दोघांचा संवाद इतका सुखाचा चालला होता की तो बिघडवायचं माझ्या जिवावर आलं.

कुणाला झोप येत नाही, कुणाचे गुडघे धरलेत, कुणाचं लग्न जमत नाही, अण्णांचं निदान ठरलेलं: ऊन कमी पडलं. सनस्क्रीन म्हणजे काय हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं, तर दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढे माझी पाठ दुखायला लागली, डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि व्हिटॅमिन डी फारच कमी निघालं. ही गोष्ट अण्णांपासून लपवायची असं मी ठरवलं होतं, पण गल्लीतल्या औषधाच्या दुकानासमोरच ते उन्हात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना इतका आनंद झाला की मी परीक्षेत पहिली आले आहे असं बघणाऱ्याला वाटलं असतं. त्यांच्याच आग्रहाने मी एक मीटिंग त्यांच्या गच्चीवर केली. उन्हात लॅपटॉपवर काही म्हणजे काही दिसेना. कुठल्या तरी प्रश्नाला मी अंदाजाने होकार दिला आणि पुढचे सहा महिने तो होकार निस्तरत बसले.

हे सगळं हसण्यावारी नेण्याजोगं होतं, एक गोष्ट सोडली तर. अण्णांची बायको तुळसाक्का मी इथे राहायला येण्यापूर्वीच एकदा न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडं ठिसूळ झालीत असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, चाकांची खुर्ची आली. रोज सकाळी अण्णा ती खुर्ची अंगणात आणून पूर्वेकडे तोंड करून लावत. गच्चीवर खुर्ची चढत नसे, त्यामुळे तिला ऊन मिळे ते तेवढंच, त्या अंगणातलं. आणि अंगणाच्या पूर्वेच्या रिकाम्या प्लॉटवर एक दिवस पायाचं खोदकाम सुरू झालं.

एकेक मजला चढत गेला तसं ऊन अंगणात उशिरा यायला लागलं. अण्णा साइटवर जाऊन इंजिनिअरला भेटले आणि एक मजला कमी करता येईल का, असं त्यांनी विचारलं. इंजिनिअरने अण्णांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि दुसऱ्या दिवशी पुढचा स्लॅब टाकला. इमारत पुरी झाली तेव्हा अंगणात ऊन यायचं ते फक्त दुपारचं, डोकं तापवणारं, आणि तेही घटकाभर. तेव्हापासून अण्णांनी कुणालाही उन्हाचं विचारणं सोडलं. "अण्णा हल्ली जेवणाचं विचारत नाहीत, त्यांना बरं नाही का?" असं वॉचमनने मला काळजीने विचारलं.

एका सकाळी माझी बेल वाजली. दारात अण्णा, इस्त्रीचा सदरा घालून. आत या म्हटलं तर आत येईनात. बराच वेळ माझ्या पाठीची चौकशी करत राहिले.

मग खाली बघत म्हणाले, "अम्मा, तुमच्या बाल्कनीसमोर शाळेचं मैदान आहे. सकाळचं ऊन थेट येतं. तुम्ही वापरत नाही. तुळसाला स्वल्प द्याल?"

सगळ्या गल्लीला फुकट ऊन वाटत फिरणाऱ्या माणसाला ते मागताना किती जड गेलं असेल, हे मला दिसत होतं. मी दार पूर्ण उघडलं.

तेव्हापासून तुळसाक्का रोज लिफ्टने वर येते. अण्णा खुर्ची लावतात, तिच्या पायावरचं लुगडं जरा वर सारतात, तिचे तळहात उलटे करून मांडीवर ठेवतात आणि कॉफी आणायला खाली जातात. माझी कॉफी त्यांना पांचट वाटते.

असेच ते खाली गेले असताना मी तुळसाक्काला विचारलं, अण्णांना हे उन्हाचं वेड कधीपासून?

"मी पडल्यापासून," ती म्हणाली. "दुकानाला मागं एक खोली होती, खिडकी नसलेली. त्यांचं मशीन पुढं, रस्त्यावर. मी मागं बसून काजं-बटणं करायची. जन्म गेला तिथंच. हाड मोडलं तेव्हा डॉक्टरनं विचारलं, बाईंना ऊन मिळतं का? बस, एवढंच विचारलं. त्या दिवसापासून असं."

त्या खोलीमुळेच झालं असेल का, मी म्हटलं.

"कुणास ठाऊक. माझी आई जन्मभर शेतात, उन्हात राबली. तिचं हाडही असंच मोडलं." तिने कपाळावर हात आडवा धरला. "आणि मला ऊन सोसत नाही गं. डोकं धरतं. ती मागची खोली गार होती, मला आवडायची."

"मग अण्णांना सांगा ना."

"सांगितलं तर ते सकाळी उठून करतील काय?"

दाराशी चपला वाजल्या. तुळसाक्काने कपाळावरचा हात खाली घेतला, तळहात पुन्हा उलटे करून मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून चेहरा थेट उन्हाकडे केला. अण्णांनी कॉफीचा थर्मास ठेवला आणि वाकून विचारलं, "बरं वाटतं?"

"चांगलं वाटतं," ती म्हणाली. "आज अजून बसू."

अण्णा दोन्ही हात छातीशी घेऊन मागे सरकले आणि भिंतीला अगदी चिकटून उभे राहिले. वाकताना तिच्या पायावर पडलेली त्यांची सावली तेव्हा कुठे हटली.