न वाकणारी काठी

ज्या कामाचा आपल्याला तिळमात्र अनुभव नसतो, त्याविषयी मत देताना माणसाचं मन अत्यंत निर्मळ असतं. अनुभव आला की शंका येतात, शंका आल्या की 'बघू, विचार करू' अशी भाषा सुरू होते, आणि निर्णय रखडतात. सांगोला तालुक्यातल्या ज्या वाडीची ही हकिकत आहे, तिथं कोणताही निर्णय आजवर रखडलेला नाही.

वाडीचा बिरुदेव चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर होता. आठवडाभराचा यंत्रांचा खडखडाट कानात घेऊन तो शनिवारी घरी यायचा. एकदा टेंभुर्णीकडच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, तो कुणाच्या तरी कयाकमध्ये, म्हणजे एका माणसापुरत्या अरुंद प्लॅस्टिकच्या होडीत, बसला. तेवढा वेळ त्याला कुणी हाक मारली नाही, काही विचारलं नाही. इतकं सुख त्याला लग्नानंतर (बायकोची, म्हणजे सोनमची, क्षमा मागून) प्रथमच लाभलं. त्यानं तसलीच पिवळी होडी विकत घेतली आणि अंगणात आणून ठेवली.

वाडीला पाणी टँकरनं येतं. सबब सोनमनं होडीचा खरा उपयोग तात्काळ ओळखला.

"अवो, शेरडांना पाणी पाजायला लई झ्याक हाय की ही! येत्या आयतवारी हिच्यात बसून मासा आणा. न्हाय आणला, तर ही शेरडांची."

बिरुदेव व्हय म्हणाला. होडी वाचवायची तर मासा हवा, माशाला गळ हवा आणि गळाला काठी हवी, इथवर त्याचा विचार बिनचूक होता.

सोलापुरातल्या दुकानदारानं त्याच्या हातात सात फुटी, लवचीक काठी दिली. कयाकमध्ये माणूस पाण्याला टेकूनच बसतो. म्हणून काठी आटोपशीर असावी, मागची मूठ पोटात रुतू नये, आणि मासा ओढायला लागला की काठीनं वाकून तो हिसका पोटात घालावा, असं तो म्हणाला. (हा दुकानदार स्वतः मासे धरायचा. तेव्हा त्याचं मत निःपक्षपाती मानता येत नाही.) बिरुदेवाला काठी मनापासून आवडली. पण त्याच्या मेंढपाळ घराण्यात एक रीत होती: घरात येणारी काठी आधी जाणत्यांनी पारखायची. म्हणून 'नापसंत पडली तर परत' या बोलीवर त्यानं तिच्यासोबत समुद्रावर वापरतात तसली एक जाडजूड बारा फुटीही घेतली.

पारखणीला सगळी वाडी हजर होती. वाडीची लोकसंख्या सुमारे अकराशे. पैकी कयाक पाण्यावर पाहिलेले: एक. काठीविषयी ठाम मत असलेले: अकराशे. (यात तान्ही मुलं धरली आहेत, सात फुटी काठी पाहून ती रडली.) निकष पिढीजात होते. आपटल्यावर काठीचा आवाज खणखणीत यावा, तिच्यावर रेलून माणसाला डुलकी काढता यावी आणि ती हातात असताना लांडग्यानं वाट बदलावी.

बिरुदेवाचे वडील बिरप्पा यांनी सात फुटी काठी जमिनीत रोवून तिच्यावर भार दिला.

"आरं, ही तर वाकती!"

"आबा, ती वाकायलाच पायजे. मासा वढायला लागला की—"

"म्हंजी माशापुढं वाकायचं?" बिरप्पांचा आवाज चढला. "लांडग्यापुढं कुणी वाकलं न्हाय आपल्यात!"

केराबाई आत्यांनी काठीची उंची नजरेनं मोजली. "येवढीशी काठी घिऊन जाशील, तर मासा तरी भील का तुला?"

माशानं भिऊन चालणार नव्हतं, हे बिरुदेवाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भर माणसांत बापाचा शब्द खाली पाडायचा धीर त्याला झाला नाही. अकराशे विरुद्ध शून्य मतांनी (एक तटस्थ) बारा फुटी काठी मंजूर झाली. बिरप्पांनी तिला स्वहस्ते तेल चोळलं.

रविवारी वाडीतल्याच निंगप्पाच्या टेम्पोतून होडी, काठी, सोनम आणि निवडक जाणते धरणाकाठी पोचले. होडीच्या नाकावर नारळ फोडण्यात आला. (होडीला बारीक चीर गेली, ती शुभ मानण्यात आली.) बिरुदेव लाइफ जॅकेट घालून पाण्यात गेला. काठाचा गलबला मागं पडला, वल्हं थांबलं, आणि तो खरोखर आनंदात होता. तेवढ्यात गळाला चांगला तीन-चार किलोचा कटला मासा लागला.

काठी वाकली नाही. एक इंचही नाही. पण हिसका आला की वाकायचं काम कुणाला तरी करावंच लागतं. ते होडीनं केलं. होडी कलंडली, बिरुदेव पाण्यात पडला आणि कटला आपल्या मार्गानं गेला.

काठावर बिरप्पा उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बगा, बगा! पाण्यात पडला, पर काठी कशी सरळ हाय!"

बिरुदेव काठाला लागला. सोनमनं टॉवेल पुढं केला आणि, बाई मनानं चांगली असल्यामुळे, होडीचा विषय घरी पोचेपर्यंत काढला नाही.

हल्ली शेरडं होडीतून पोटभर पाणी पितात. चिरेतून थोडं गळतं, त्यावर कढीपत्त्याचं रोप चांगलं फुटलंय. चूक कुठं झाली यावर वाडीत आजही चर्चा चालते आणि प्रत्येक जण सांगतो, 'मी तवाच म्हनलं हुतं.' निष्कर्ष एकमतानं निघाला आहे: काठी पंधरा फुटी हवी होती. बिरुदेव मात्र त्या चर्चेत बोलत नाही. पाण्यावर जाऊन आल्यामुळे त्याचं मन आता पूर्वीसारखं निर्मळ राहिलेलं नाही.

आणि वाचकहो, तुम्ही हसलात ते बरोबरच आहे. कोणती काठी घ्यायची, बापाला काय सांगायचं आणि होडीत कसं बसायचं, हे तुम्ही पारखणीच्या वेळीच मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. आता एवढंच सांगा, तुम्ही कयाकमध्ये कितीदा बसला आहात? असू द्या. वाडीत आम्ही तुम्हाला अकराशे एकावे धरतो.