देवघरातला नमुना

हंगामी कारकून केशवने विलायती बँकेचा कापूस देवघरात ठेवला, तिथंच सगळं फसलं. पण त्याचं तरी काय चुकलं? नव्या जालन्यातल्या त्या बँकेत उंदरांचा असा सुळसुळाट, की मागचा नमुना त्यांनीच फस्त केला होता. आणि बँकेचं कामच नमुन्याचं. मँचेस्टरच्या गिरणीला इकडचा कापूस हवा असला, की इथली शाखा आधी नमुना धाडायची. तिकडून पसंतीची तार आली, की गाठी रवाना. गोरा साहेब हैदराबादला जाताना बजावून गेला होता, "केशव, आज शाम की मेल. नमुना गया तो तुम कायम. नहीं गया तो..." पुढचं त्यानं दरवाजाकडं बोट दाखवून सांगितलं.

चारच्या सुमाराला केशव नमुना न्यायला घरी आला. पाहतो तर पुडकं रिकामं. बायको प्रेमला आणि गल्लीतल्या पाच बायका घोळका करून बसलेल्या, मधे परातभर वाती.

"अगं, हे काय करून राह्यलीस?"

"लाख वाती! तुम्ही कायम व्हावं म्हणून नवस बोलले न्हाई का मी? देवापुढं रुई दिसली, म्हणलं, चला, एकदाचं सुचलं यांना."

"ती साहेबाची व्हती!"

"मंग साहेबानं आपल्या देवापुढं कशाला ठेवली?"

पाचही बायकांना एकदमच आठवलं, की आपापल्या घरी चुलीवर दूध आहे.

दोघं वाती उलगडायला बसले. नखानं ओढल्या, दातानं ओढल्या. सुटेनात आणि तुटेनात. दुसरा कापूस आणावा, तर गाठी गोदामात, गोदामाची किल्ली साहेबाच्या खिशात आणि साहेब हैदराबादेत. त्यात कापसाचा मालकच दारात उभा. घनसावंगीचा मच्छिंद्र.

"केशवराव, माझा नमुना गेला न्हवं? सालाचा सगळा माल त्याच्यावर लटकलाय."

केशवने परात पुढं सरकवली. मच्छिंद्र परातीशी बसला. त्यानं एक वात उचलली. ताणली. पुन्हा ताणली.

"आयला, तुटंना की वो!"

"त्याचंच तर रडून राह्यलो."

"रडता कशाला? धागा किती दमाचा हाय, हे आन् कसं दाखवत्यात? हाय तसंच धाडा. लिहा, हातानं वळून पारखलाय म्हणावं. वैनीचं नाव घाला."

"माझं?" प्रेमला दचकली.

"मंग काय माझं घालू? मला धोतर धड नेसता येत न्हाई."

केशवने तसं लिहिलं, वाती पुडक्यात भरून वर मोहरेची लाख ओतली आणि स्टेशनाकडं पळत सुटला. मेल सापडली. झोप मात्र दोन महिने सापडली नाही.

मग एक दिवस साहेबानं आत बोलावलं. टेबलावर तार होती. केशवने मनातल्या मनात बिऱ्हाड बांधायला घेतलं.

"गिरणीने पूरा माल लिया," साहेब म्हणाला. "ऐसी परख उन्होंने कभी नहीं देखी. बोलते हैं, हर नमुना इसी हाथ से आना. मैंने कायम कर दिया."

साहेबानं नेमणुकीचा कागद पुढं केला, केशवने तो डोळ्याजवळ नेला. नाव होतं प्रेमलाचं.

"और मैं, साहेब?"

"तुम? तुम जल्दी नमुना घर पहुँचाओ. तुम्हारा अगले साल देखेंगे."

नवं पुडकं काखोटीला मारून केशव घरी आला. प्रेमलाने सगळं ऐकलं. आधी हसली, मग गंभीर झाली.

"म्हणजे तुम्ही न्हाई झालात कायम. माझा नवस तसाच राह्यला की."

"मंग वळ की लाख वाती."

"मला कुठं सवड? बँकेचं काम पडलंय." तिनं घरची रुई त्याच्यापुढं टाकली. "तुम्हीच वळा."

केशव मांडी घालून बसला. पहिलीच वात मधेच तुटली. प्रेमलाने ते दोन तुकडे उजेडात धरून बारकाईनं पाहिले.

"नापास," ती म्हणाली, आणि त्याचा हात आपल्या हातात घेऊन दुसरी वळायला बसली.