गवारेडे सरांचा शंभर टक्क्यांचा फलक

एका जंगलात मुलग्यांची एक शाळा होती. फक्त मुलग्यांची. मग मुली कुठे शिकायच्या, असं विचारू नका. त्या घरी राहून शिकायच्या आणि बहुतेक जास्तच शिकायच्या. पण आपली गोष्ट मुलग्यांची आहे. तेव्हा सरळ बसा आणि ऐका.

शाळा निवासी होती. पोरं सकाळी ओढ्यावर एकत्र आंघोळ करायची, एकत्र प्रार्थना म्हणायची आणि गोल करून एकत्र जेवायची. गवत खाणारे एका बाजूला बसायचे, बाकीचे दुसऱ्या बाजूला. जेवणाच्या वेळी कोणी कोणाकडे टक लावून बघायचं नाही, एवढा एकच कडक नियम होता. तो पाळला जायचा, म्हणून पोरांची संख्या वर्षभर तेवढीच राहायची.

शाळेचे मुख्याध्यापक होते गवारेडे सर. ते रानगवे होते. त्यांची शिंगं जंगलात सगळ्यांत रुंद होती, म्हणून त्यांना मुख्याध्यापक केलं होतं. दुसरी काही पात्रता आहे का, हे कोणी विचारलं नाही. तुम्ही त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं असतंत का? नाही ना? मग झालं तर.

या शाळेची एक पद्धत होती. पोरगा शाळेत आला की सर त्याला एका झाडाशी उभं करायचे, पुढून-मागून बघायचे आणि त्याच्याकडे काय नाही ते लक्षात ठेवायचे. वर्षाच्या शेवटी पुन्हा त्याच झाडाशी उभं करायचे. येताना नव्हतं आणि आता आहे, ते सगळं शाळेचं यश. मग गुणगौरव समारंभ व्हायचा, शाल आणि नारळ मिळायचा आणि फाटकावर मोठा फलक लागायचा.

सांबराचा पोरगा सांबऱ्या. तो आला तेव्हा त्याच्या डोक्यावर नुसती दोन टेंगळं होती. आता चांगली ऐटबाज शिंगं होती. सर म्हणायचे, "बघा. हे आपल्या शाळेचे संस्कार."

मोराचा पोरगा मोऱ्या. तो आला तेव्हा मागून कोंबडीसारखा दिसायचा. आता त्याला दोन हात लांब पिसारा होता. बेडकाचा पोरगा बेडक्या तर आला तेव्हा नुसता शेपटीवाला ठिपका होता. आता शेपूट गेली होती आणि आवाज आला होता. एक गेलं आणि एक आलं, म्हणून त्याला दोन बक्षिसं.

ओढ्यापलीकडे शाळेत न जाणारी सांबरंही होती बरं का. त्यांनाही शिंगं आली होती. पण ती शिंगं संस्कारांशिवायची, असं सर म्हणायचे. पालकांना ते पटायचं. फी भरली असली की पुष्कळ गोष्टी पटतात.

तर यंदा सरांनी ठरवलं की फलकावर 'शंभर टक्के यश' असं लिहायचं. शेजारच्या जंगलातल्या शाळेने गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव टक्के लिहिलं होतं आणि त्यामुळे सरांच्या पोटात दुखत होतं. त्यांनी सगळ्या पोरांना झाडाशी उभं केलं. एकेक तपासत गेले. सगळ्यांचं काही ना काही वाढलेलं निघालं. शेवटी राहिला एक जण.

तो होता मुंगसाचा पोरगा, मुंगशा.

मुंगसाला शिंगं येत नाहीत, पिसारा येत नाही, आयाळ येत नाही. मुंगशा आला तसाच होता. जरा लांब झाला होता, पण मुंगूस लांब झालं तर ते कोणाच्या लक्षात येणार? सरांनी त्याला चारही बाजूंनी बघितलं. शेपूट उचलून बघितली. काही नाही.

"सापाशी लढतो का रे तू?" सरांनी विचारलं.

"लढतो, सर."

सरांनी विचार केला. पण शाळेचे पी.टी.चे सर धामण होते. ते बाजूलाच वेटोळं करून बसले होते आणि हे ऐकून जरा आखडले होते. तो प्रकार तिथल्या तिथे बाद झाला.

"मग तुला समारंभाआधी दाखला द्यावा लागेल," सर म्हणाले. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा कागद. "वाईट वाटून घेऊ नकोस. तू गेलास की उरलेले शंभर टक्के होतात. तुझ्याशिवाय हे जमणार नव्हतं."

मुंगशाला फार वाईट वाटलं. त्याला ती शाळा आवडायची. ओढ्यावरची आंघोळ आवडायची, सांबऱ्याच्या पोटाला टेकून झोपणं आवडायचं. घरी आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझा मुलगा शिकतोय. आता तिला काय सांगणार? तो जाऊन ओढ्याकाठी बसला आणि रडला. मुलगे रडत नाहीत म्हणे. तुम्ही त्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नका.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. मुंगशाला वाचता यायचं.

शाळेत वाचायला शिकवणारे एकच मास्तर होते, कासवे गुरुजी. त्यांचा तास दुपारी असायचा आणि नेमक्या त्याच वेळी गुणगौरवाची तालीम असायची. शिंगवाले शिंगं उगारून चालायची तालीम करायचे, पिसारावाले पिसारा उघडायची. मुंगशाकडे तालीम करायला काही नव्हतं, म्हणून तो गुरुजींसमोर एकटा बसायचा. असा तो वाचायला शिकला आणि लिहायलाही शिकला. पुढे गुरुजींना मुंग्यांच्या जनगणनेच्या कामाला लावलं. अशा कामाला मास्तरांनाच लावतात आणि हे तर कासव. त्यामुळे आता शाळेत अक्षर ओळखणारा एक मुंगशाच उरला होता.

दर सोमवारी पोरांना घरून पत्रं यायची. तिकडे लिहून द्यायला पोपट असत, इकडे वाचून दाखवायला मुंगशा. सगळे त्याच्याभोवती बसायचे. सांबऱ्याचे वडील तापट होते. ते लिहायचे, 'गाढवा, पुन्हा कुंपणात शिंगं अडकवलीस असं कळलं.' मुंगशा ते इतक्या हळुवार आवाजात वाचायचा की सांबऱ्याला वाटायचं, बाबांना आपली आठवण येतेय. आणि खरं तर येतच असणार.

त्यामुळे दाखल्याची बातमी कळल्यावर सांबऱ्या, मोऱ्या आणि बेडक्या तडक सरांकडे गेले.

"सर, मुंगशाला वाचता येतं," सांबऱ्या म्हणाला.

"बरं मग?"

"येताना येत नव्हतं, सर. आता येतं. म्हणजे नियमात बसतं."

सर जरा गोंधळले. नियमात बसत होतं खरं. त्यांनी मुंगशाला बोलावून पुन्हा झाडाशी उभं केलं.

"कुठे आहे ते?" त्यांनी विचारलं.

"डोक्यात आहे, सर," मुंगशा म्हणाला.

"डोक्यात? सांबऱ्याकडे बघ. त्याचं डोक्यावर आहे. लांबून दिसतं, मोजता येतं, हार घालता येतो. डोक्यातल्याला हार कसा घालायचा?"

"सर, गळ्यात घाला की," बेडक्या म्हणाला.

"गळ्यात घालायला गळा प्रत्येकालाच असतो," सर म्हणाले. "मग शाळेने काय केलं?"

तिघे मित्र परत फिरले. मोठी माणसं असं काहीतरी बोलतात आणि आपली बोलती बंद होते. घरी जाऊन आठवलं की कळतं, त्यात काही अर्थ नव्हता. पण तोवर उशीर झालेला असतो.

आता पुढचा भाग नीट ऐका. मागे कोण चुळबुळ करतंय?

समारंभ दोन दिवसांवर आला. फलक लिहायचा होता आणि दाखलाही लिहायचा होता. लिहिणार कोण? शिंगं कितीही रुंद असली तरी त्यांनी लिहिता येत नाही. सरांनी पुन्हा मुंगशालाच बोलावलं.

"जाण्याआधी एवढं काम करून जा," ते म्हणाले. "आपल्याच शाळेचं काम आहे."

मुंगशा हो म्हणाला. तो तसाच होता, कोणी काम सांगितलं की नाही म्हणता यायचं नाही. त्याने सागाच्या फळ्या जोडून केलेला भलामोठा फलक पुढ्यात घेतला, गेरू कालवला आणि शेपटीच्या टोकाने लिहायला बसला. वर लिहिलं 'शंभर टक्के यश'. खाली एकेकाचं नाव. सांबऱ्या, शिंगं. मोऱ्या, पिसारा. बेडक्या, आवाज, आणि पुढे आणखी एकदा बेडक्या, शेपूट जाणे.

तिघे मित्र शेजारी बसून बघत होते. खाली चार बोटं जागा उरली.

"तिथे तुझं नाव घाल," बेडक्या म्हणाला.

"माझं नाव नाहीये यादीत."

"अरे, पण वाचणार कोण आहे? सरांना येत नाही. पाहुण्यांना येत नाही. तू काहीही लिहिलंस तरी चालेल. दाखल्यावरही लिही की हा पोरगा फार हुशार आहे, याला परत घ्या."

मुंगशा थांबला. गेरूत बुडवलेली शेपूट तशीच वर राहिली. त्याला नाव घालावंसं वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं.

"कोणी नाही वाचणार," तो म्हणाला. "पण मी वाचीन ना."

आणि त्याने त्या जागेत एक साधी वेल काढली. मग दाखला घेतला. शाळा सोडण्याचं कारण, या शब्दांपुढे लिहिलं, 'काही वाढ नाही'. एकही चूक केली नाही. सरांनी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि अंगठा उठवला.

"अक्षर मात्र मोत्यासारखं आहे," ते म्हणाले. "पोरांनो, बघा आणि शिका."

समारंभाच्या सकाळी मुंगशाची आई त्याला न्यायला आली. आत बँड वाजत होता. प्रमुख पाहुणे हत्तीमहाराज आले होते. सांबऱ्याच्या शिंगांत इतके हार पडले की त्याला समोरचं दिसेना. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर तो म्हणाला, "मुंगशा कुठे आहे?" लोकांना ते भाषणाचं नाव वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन वानरांनी फाटकावर फलक चढवला आणि तो उलटा चढवला.

कोणाच्याही लक्षात आलं नाही. हत्तीमहाराज त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "वाचून समाधान वाटलं." गवारेडे सरांचे डोळे भरून आले. पालकांनी फलकासमोर उभं राहून फोटो काढले.

मुंगशाने बाहेरून ते बघितलं. तो धावत फाटकाशी गेला.

"फलक उलटा आहे," तो रखवालदाराला म्हणाला.

"तुझा दाखला झालाय," रखवालदार म्हणाला. "तू आता बाहेरचा. बाहेरच्यांनी शाळेच्या कारभारात बोलू नये."

मुंगशा परत आला. रस्त्यापलीकडे एक बाभूळ होती. तिच्या खालच्या फांदीला तो मागच्या पायांनी लटकला, डोकं खाली करून. आता फलक सरळ दिसत होता.

"काय लिहिलंय रे?" आईने विचारलं.

त्याने सगळी नावं वाचून दाखवली. सांबऱ्याचं वाचलं, मोऱ्याचं वाचलं, बेडक्याचं दोनदा वाचलं. आई प्रत्येक नावाला मान हलवत होती. यादी संपली. ती तरीही थांबली होती.

"आणि तुझं?"

"माझं नाव नाहीये, आई," तो म्हणाला. "पण अक्षर माझं आहे."

आईने फलकाकडे पुन्हा एकदा बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला एक अक्षर कळत नव्हतं आणि जे दिसत होतं तेही उलटं होतं.

"सगळंच्या सगळं?" तिने विचारलं.

"सगळं."

"मग खाली उतर," ती म्हणाली. "आणि मला त्यातलं पहिलं अक्षर शिकव."

तात्पर्य: बाळांनो, शाळेत जाऊन काही शिकू नये. शिकलेलं लांबून दिसत नाही आणि त्याला हार घालता येत नाही. त्यापेक्षा गप्प बसून वाढावं. शिंगं आपोआप येतात आणि श्रेय घ्यायला सर असतातच. तरीही चुकून शिकलातच, तर ते शाळेत कोणाला कळू देऊ नका, नाहीतर फलक तुम्हालाच लिहावा लागेल.